दादांच्या गिरणीत आशेचा किरण कुठून आला?

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात वाढले. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या आठवणी लिहायला घेतल्या आहेत. दादांची पिठाची गिरणी होती. टाइप करताना बोटं दुखतात, शुद्धलेखनही कच्चं आहे, म्हणून नातवानं फोनवर एआय सुरू करून दिलं. मी लिहिलेला उतारा त्यात घातला आणि 'सुधारून दे' म्हटलं. दोन्ही उतारे सोबत पाठवते. घरातले सगळे म्हणतात, दुसरा जास्त साहित्यिक झालाय. मला मात्र तो वाचताना दादा दिसत नाहीत. एआय वापरावं की नाही? वापरलं तर लिहिलेलं माझं राहील का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : ताई, दादा दिसत नाहीत, कारण दुसऱ्या उताऱ्यात ते नाहीतच. इतर वाचकांनाही कळावं म्हणून दोन्ही उतारे इथे देतो. आधी तुमचा :

'बहात्तर साली गिरणीवर रांग असायचीच, पण दळणं बारकी. कुणाचं मापटंभर, कुणाचं चिपटंभर. रेशनची मिलो दळली की पीठ तांबडं पडायचं. आई म्हणायची, ह्या पिठाला विरीच न्हाई, भाकर थापतानाच चिरती. आई खडीवर जायची. दादा दळणाचे पैसे मागायचे नाहीत, ओंजळभर पीठ ठेवून घ्यायचे, पुढं पुढं तेबी घेईनात. आई चिडायची. आभाळातून पाणी पडंना, डिझेल पडणार हाय का, म्हणायची.'

आणि हा सुधारलेला :

'१९७२ चा दुष्काळ हा महाराष्ट्राच्या इतिहासातील एक वेदनादायी अध्याय होता. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी ही केवळ उपजीविकेचे साधन नव्हती, तर संपूर्ण गावासाठी आशेचा किरण होती. मिळालेली ज्वारी दळून देताना त्यांनी कधीही पैशाची अपेक्षा केली नाही. आई रोजगार हमी कायद्यांतर्गत कामाला जात असे आणि प्रत्येक संकटात वडिलांना खंबीरपणे साथ देत असे.'

भाषेचं नंतर बघू. आधी यातून काय काय गेलं त्याचा हिशेब करू. मापटं-चिपटं गेलं, म्हणजे लोकांच्या घरात दळायला किती कमी उरलं होतं तेच गेलं. तांबडं पीठ गेलं, चिरणारी भाकरी गेली. 'मिलो'ची 'मिळालेली' झाली! त्या वर्षी रेशनवर आलेली परदेशी तांबडी ज्वारी यंत्राच्या ओळखीची नसावी. त्यानं ती टायपिंगची चूक समजून बिनबोभाट दुरुस्त केली. मराठवाड्यातल्या सत्तरीच्या कुठल्याही माणसाला 'मिलो' म्हणून बघा, तोंड वाकडं करून तो तुम्हाला चव सांगेल.

रोजगार हमीचंही तसंच. तो कायदा १९७७ साली झाला आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. बहात्तर-त्र्याहत्तरला माणसं गेली ती दुष्काळी कामांवर : खडी फोडायला, रस्त्याच्या मातीकामाला, पाझर तलावांवर. तुमचं 'आई खडीवर जायची' हे तीन शब्दांचं वाक्य बरोबर होतं. यंत्रानं ते लांबवलं आणि चुकीचं केलं. उद्या नातवंडं हेच खरं धरून चालतील, कारण आजीनं लिहिलंय.

सगळ्यात मोठं नुकसान शेवटच्या वाक्यात आहे. तुमच्या उताऱ्यात आई चिडते. दादांचं मोठं मन आणि डिझेलचा खर्च यांच्यात ती उभी आहे, आणि तिचं म्हणणंही खोटं नाही. दुसऱ्या उताऱ्यात ती 'खंबीरपणे साथ' देते. भांडण मिटलं, त्याबरोबर दोन्ही माणसं गेली. यंत्राला माणसं चांगली करून टाकायची भारी हौस. घरातल्यांना हे साहित्यिक वाटतं याचं मला नवल नाही. बक्षीस मिळवणाऱ्या शाळकरी निबंधाची भाषा आपण सगळ्यांनीच साहित्य म्हणून पाठ केलेली आहे.

हे असं का होतं? एआय चालतं ते अंदाजावर. समोरच्या मजकुरापुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते अफाट मजकूर वाचून शिकलेलं असतं. शिवाय नंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला आणखी घडवलेलं असतं, त्यामुळे ते गुळगुळीत आणि सर्वांना बरं वाटेल असं बोलतं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. इंटरनेटवरचा मराठी मजकूर त्या मानानं फारच थोडा, आणि त्यातही बातम्या, सरकारी पत्रकं, भाषांतरं यांचा भरणा. गिरणीवाल्याच्या बायकोचं बोलणं त्यात कितीसं असणार? 'दुष्काळ' म्हटल्यावर यंत्राला 'वेदनादायी अध्याय' सुचतो, कारण तसं पुष्कळांनी लिहून ठेवलंय. 'विरी', म्हणजे पिठाचा चिकटपणा, सुचणार नाही. 'केवळ अमुक नव्हे, तर तमुक' हे तर त्याचं लाडकं वाक्य. मी मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं. हल्ली दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या लेखांत हे वाक्य दिसलं की पेन्सिल आपोआप थांबते आणि मी आधीचं पान पुन्हा वाचतो.

आता वापरावं की नाही. वापरा की. बोटं दुखत असतील तर बोलून लिहिण्याची सोय हे वरदान आहे. आठवणी तुम्ही सांगता तशाच फोनला सांगा. 'तेबी घेईनात'चं तो 'ते बीज घेईनात' करेल, ते हातानं दुरुस्त करावं लागेल, तेवढं सोसा. तो पहिला मजकूर वेगळा जपून ठेवा आणि त्यावर कुणालाच, नातवालासुद्धा, हात लावू देऊ नका.

मग एआयला तो दाखवा, पण 'सुधारून दे' हे दोन शब्द विसरा. त्याचा अर्थ यंत्र 'सगळं नव्यानं लिही' असाच घेतं. त्याऐवजी सांगा : 'यातलं एकही वाक्य बदलू नकोस. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाटतील ते शब्द फक्त यादी करून दाखव.' आलेली यादीही डोळे झाकून मान्य करू नका. 'केलं, म्हटलं, तांबडं' ही रूपं चूक ठरवून ते 'केले, म्हटले, तांबडे' करायला सांगेल. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतच पात्राच्या तोंडच्या बोलण्यासाठी अनुस्वाराची ही रूपं दिलेली आहेत. तुमच्या आठवणी म्हणजे पहिल्या ओळीपासून बोलणंच आहे, आणि असं लेखन मासिकं वर्षानुवर्षं अनुस्वारासकट छापत आली आहेत. 'न्हाई' आणि 'हाय' आईच्या तोंडचं आहे, तिथे नियमाचं काही चालत नाही. मात्र एक तुम्हीच ठरवा : 'तेबी घेईनात' हे आईचं नाही, तुमचं आहे. तुम्ही आजही तसंच बोलत असाल तर ठेवा. गावरान वाटावं म्हणून घातलं असेल तर काढा. तीही एक प्रकारची नटवेगिरीच. मला वाटतं, तुम्ही बोलता तसंच आलंय, कारण ते एकदाच आलंय.

यंत्राचा खरा उपयोग पुढे आहे, आणि तो फार कमी लोक करतात. त्याला म्हणा, 'तू शहरातला वाचक आहेस, गिरणी कधी पाहिली नाहीस. मला प्रश्न विचार. उत्तरं तू देऊ नकोस.' मी तुमचा उतारा घालून हे करून पाहिलं. (तुमचं नाव-गाव काढून. तुम्हीही नातेवाइकांची नावं, जमिनीची भांडणं, आजारपणं त्यात घालू नका.) निम्मे प्रश्न फालतू होते, 'तुम्हाला तेव्हा कसे वाटले' या जातीचे. पण त्यानं हेही विचारलं की इंजीन बंद पडलं तर कोण दुरुस्त करायचं. गिरणीच्या दगडाला टाकी कोण लावायचं, म्हणजे छिन्नीनं दगड कोण खरबरीत करायचं. रांगेत बायका असायच्या की पोरं. दादांनी पैसे घेतले नाहीत तर डिझेल आलं कुठून? हा शेवटचा प्रश्न तर तुमच्या आईचाच आहे. त्याचं उत्तर तुमच्या उताऱ्यात नाही, आणि मला ते वाचायचंय. डिझेल उधार आणलं? काही विकलं? की गिरणी काही दिवस बंद राहिली? आठवत नसेल तर भावाबहिणींना विचारा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. एआयला विचारू नका. ते न लाजता सांगून टाकेल.

आणखी एक धोका आहे, तो मला वाक्यांच्या बिघाडापेक्षा मोठा वाटतो. तो गोड उतारा चार-पाचदा वाचलात तर दादा तुम्हालाही तसेच आठवायला लागतील. म्हणून प्रसंग पूर्ण लिहून होईपर्यंत यंत्राचं लेखन वाचूच नका. आधी तुमचं संपवा.

राहता राहिला 'माझं राहील का' हा प्रश्न. यंत्रानं चुका दाखवल्या, प्रश्न विचारले, आणि वाक्यं तुम्ही लिहिलीत, तर लेख तुमचा. छापायला देताना वेगळं काही सांगायची गरज नाही. त्याची वाक्यं ठेवलीत तर संपादकाला तसं कळवा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. मराठी दहावीपर्यंत शिकलो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख इंग्रजीत लिहून एआयकडून मराठी करून घेतला. मित्र म्हणतात, 'चांगलाय, पण तू असं बोलत नाहीस.' काय करू?

उत्तर : मित्र बरोबर आहेत. तुमच्या लेखात 'मखर बनवण्याच्या प्रक्रियेने आम्हाला एकत्र येण्याची संधी प्रदान केली' असं वाक्य आहे. तुम्ही फोनवर आईला हे कसं सांगितलं होतं? बहुधा 'शनिवारी गॅरेजमध्ये बसून थर्माकोल कापत होतो, वैताग आला' असं काहीतरी. आईला पाठवलेले जुने व्हॉइस मेसेज काढा आणि ऐकून तसंच लिहा. गॅरेज, पार्किंग, पॉटलक हे शब्द राहू द्या, तिथे तेच चालतात. एखादा मराठी शब्द अडला तर एआयला तेवढाच विचारा, दोन-तीन पर्याय मागा आणि जो तुम्ही कधीतरी कानांनी ऐकला असेल तो घ्या. पूर्ण लेख पुन्हा त्याच्या हाती देऊ नका. मंडळात मुद्रितं बघायला कुणी नसेल तर कच्चा मजकूर माझ्याकडे पाठवा, ऱ्हस्व-दीर्घ मी बघतो. पण ऑगस्ट उजाडायच्या आत, नंतर दिवाळी अंकांची कामं सुरू होतात.