माशांना व्हिटॅमिनची पावडर द्यायची का?

प्रश्न : वाळवा तालुक्यात शेततळं आहे, रोहू-कटला सोडलाय. थंडीत काही माशांच्या अंगावर लाल चट्टे आलेत. दुकानदार म्हणतो व्हिटॅमिन सी चालू करा, रोग पळतो. घेऊ का?

उत्तर : दुकानदार अर्धंच बरोबर सांगतोय. बहुतेक माशांना व्हिटॅमिन सी स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही, ते खाद्यातूनच मिळायला लागतं, आणि कमी पडलं की जखमा लवकर भरत नाहीत, कणा वाकडा होतो, प्रतिकारशक्ती घटते. नुसत्या वाढीसाठी किलोभर खाद्याला 25 ते 50 मिलिग्रॅम पुरतं, रोगाच्या दिवसांत जास्त देतात. पण साधी पावडर शेंगपेंड-कोंड्यात कालवून तळ्यात टाकली तर निम्मी पाण्यातच विरघळते, म्हणजे पैसे पाण्यात, अगदी खरोखरचे! पाकिटावर ‘एस्कॉर्बिल फॉस्फेट’ लिहिलंय का बघा, तो व्हिटॅमिन सीचाच प्रकार आहे, पण पाण्यात टिकतो. नसेल तर पावडर थोड्या पाण्यात घोळून गोळीखाद्यावर शिंपडा, वरून तेलाचा हात द्या, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टाका. पोती पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने तापली असतील तर त्यातलं व्हिटॅमिन कधीच उडालंय.

आता चट्टे. थंडीतला हा रोग बहुधा बुरशीचा, ईयूएस (अंगावर जखमा पाडणारा साथीचा रोग) म्हणतात, नुसत्या व्हिटॅमिननं तो बरा होत नाही. मेलेले मासे काढून पुरा, पाण्याचा पीएच बघून चुना टाका, भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेनं काढलेलं सीफॅक्स औषध यावरच आहे. आणि एक जिवंत चट्टेवाला मासा मत्स्य विभागाच्या माणसाला दाखवा, फोटोवरून नेमकं सांगता येत नाही.