सगळ्यात कमी रेटवालं कोटेशन आधी उलगडून बघ

अगं,

तुझा मेसेज वाचला. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या युनिटला अ‍ॅडमिन सांभाळायला लागलीस आणि पहिलंच काम काय तर हाउसकीपिंगची एजन्सी बदलायची, तीन कोटेशन आलीत आणि साहेब म्हणतायत कमी रेटवाला घेऊन टाक. मग त्या कमी रेटवाल्यापासूनच सुरू करू.

कागद घे आणि एका माणसाचा हिशोब मांड. समज पगार १४,००० धरला (हा आकडा नुसता हिशोबासाठी, खरा किमान वेतनाचा आकडा तुमच्या झोनप्रमाणे बघ, आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी-जुलैला बदलतो हे लक्षात ठेव). त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ अ‍ॅडमिन चार्जसकट १३ टक्के म्हणजे १,८२०, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) ३.२५ टक्के म्हणजे ४५५, बोनस ८.३३ टक्के म्हणजे साधारण १,१६६. झाले साडेसतरा हजाराच्या आसपास, आणि अजून रजेचे पैसे, युनिफॉर्म, रिलीव्हर (सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस), एजन्सीचा सर्व्हिस चार्ज काहीच धरलेलं नाही, जीएसटी १८ टक्के तो वेगळाच. आता कुणी तुला माणशी साडेपंधरा हजार लिहून दिले असतील तर उरलेले दोन हजार तो घरून घालणार आहे का? ते त्या मावशीच्या पगारातून जातात, नाहीतर पीएफमधून. किंवा बिलात आठ माणसं आणि फ्लोअरवर सहा. एजन्सीने पगार किंवा पीएफ बुडवला तर कायद्याने ते तुमच्या कंपनीकडून वसूल होऊ शकतात, हे साहेबांना आवर्जून सांग. ह्या एका वाक्यावर साहेब लोकं बरोबर ऐकतात.

म्हणून तिघांकडूनही असा एकेका आकड्याचा ब्रेकअप माग, एकाच फॉरमॅटमध्ये. जो ब्रेकअप द्यायला कां-कू करतो त्याचं कोटेशन बाजूला ठेव. आणि काम सुरू झाल्यावर दर महिन्याच्या बिलासोबत मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयसी भरल्याचं चलन घ्यायचंच, पण नुसतं चलन नको. काहीजण एकच मोठं चलन सगळ्या कंपन्यांना वाटत फिरतात. त्याच्यासोबतच्या यादीत तुमच्याकडच्या माणसांची नावं आणि यूएएन (प्रत्येकाचा पीएफचा) नंबर आहेत का ते बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

कंपनी प्रोफाइल नि रंगीत प्रेझेंटेशन बघण्यात वेळ घालवू नको, सगळ्यांचं सारखंच असतं. त्यापेक्षा त्यांची जुनी साइट बघायला माग, दोन-तीन वर्षं टिकलेली, आणि शक्यतो अंबडमधली नाहीतर सातपूरमधलीच, म्हणजे धूळ, ऑइल, सगळं तुमच्यासारखंच असेल. सकाळी नऊला जाऊ नको, तेव्हा सगळंच चकाचक असतं. दुपारी तीन-चारला जा, शिफ्ट बदलायच्या वेळेला, आणि सरळ कामगारांच्या टॉयलेटमध्ये डोकाव, रिसेप्शन नको बघूस. मग त्यांचा सामान ठेवायचा कोपरा बघ. मॉप ओलेच बादलीत कोंबलेत का टांगून वाळत घातलेत, टॉयलेटचं फडकं आणि पँट्रीचं फडकं वेगळ्या रंगाचं आहे का, बाटल्यांवर नावं आहेत का, की सगळं बिसलरीच्या बाटलीत भरलंय. एखादी मावशी भेटली तर सहज विचार, पगार कितव्या तारखेला होतो, सुट्टी घेतली तर बदली कोण येतं. सुपरवायझर जवळ नसताना विचार मात्र.

केमिकलचं थोडं शिकून घे. तुमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये कोटा फरशी असेल तर त्याच्यावर अ‍ॅसिड अजिबात नको, कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड, अ‍ॅसिडने खातो आणि मग कितीही पुसलं तरी पांढरट दिसत राहतो. बोअरच्या पाण्याने नळांवर क्षार बसतात, ते काढायला हे लोक हमखास तीच अ‍ॅसिडची बाटली काढतात. आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपो (पातळ ब्लीच) अ‍ॅसिडमध्ये मिसळलं की क्लोरीन गॅस होतो, बंद टॉयलेटमध्ये हे जिवावर बेतू शकतं. एजन्सीच्या सुपरवायझरला हा प्रश्न विचारून बघ, उत्तर आलं नाही तर ट्रेनिंग बिनिंग सगळं कागदावर आहे समज.

सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. ‘आमचा पोरगा उतरतो ना मॅडम’ म्हणणारा भेटेल, त्याला तिथूनच रस्ता दाखव. २०१३ चा कायदा आहे त्यावर. सक्शनची गाडी बोलवायची. बाहेरच्या उंच काचाही ह्याच पोरांकडून पुसून घेऊ नको, त्याला बेल्ट-हार्नेसवाली वेगळी टीम लागते.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये ‘संपूर्ण साफसफाई’ असं मोघम लिहू देऊ नको. कुठली जागा, दिवसातून किती वेळा, पंखे-जळमटं महिन्यातून कधी, हँडवॉश आणि गार्बेज बॅग कुणाच्या, माणूस आला नाही तर किती वाजेपर्यंत बदली आणि नाही आली तर किती कापणार, सोडायचं तर महिन्याची नोटीस. ओला-सुका कचरा त्यांनीच वेगळा करायचा हेही लिही. शॉप फ्लोअरचं ऑइल लागलेलं कॉटन वेस्ट (मशिन पुसायचं सूत) मात्र ह्यात कुठेच येत नाही, ते एमपीसीबीची (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची) मान्यता असलेल्या एजन्सीकडेच द्यायचं, साध्या कचऱ्यात गेलं तर नोटीस तुमच्या नावाने येईल.

अजून एक, माणसं राहतात कुठे ते विचार. सिडको, चुंचाळे, श्रमिकनगरकडची असतील तर पावसातही येतात, लांबून आणलेली असतील तर सात वाजताची शिफ्ट रोज लंगडी. त्यात २०२७ चा सिंहस्थ आहे, तेव्हा सफाईच्या माणसांना शहरात दुसरीकडे जास्त पैसे मिळतील असं मला तरी वाटतं, म्हणून ठरलेली माणसं त्या काळात कमी करायची नाहीत अशी ओळ आत्ताच घालून घे.

सुरुवातीला तीन महिन्यांचीच ऑर्डर दे, वर्षाची नको. तिन्ही ब्रेकअप आले की फोटो काढून पाठव, रविवारी बसून बघतो.

तुझा काका