वाचकांचे प्रश्न : ओळखीच्या स्पीकरचा आवाज आयआरमध्ये शोधताना

प्रश्न : माझ्याकडे सेलेस्टियनचे दोन ‘ग्रीनबॅक’ स्पीकर बसवलेले, पाठीमागून बंद असलेले गिटारचे कॅबिनेट आहे आणि त्याचा आवाज माझ्या कानात पक्का बसला आहे. मोठ्याने वाजवणे आता शक्य नसल्यामुळे मी डिजिटल मॉडेलर (अ‍ॅम्प आणि कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणारे यंत्र) आणि हेडफोन वापरतो. याच स्पीकरच्या नावाने मिळणारे साठेक आयआर, म्हणजे कॅबिनेटच्या आवाजाची नोंद असलेल्या छोट्या फाइली, मी लावून पाहिले. कोणता कर्कश वाटतो, तर कोणता जाड पांघरुणाखालून आल्यासारखा. एकही माझ्या कॅबिनेटसारखा वाटत नाही. माझी निवड कुठे चुकते आहे, हे आपण सांगू शकाल का?

उत्तर : निवडीत तुमचे फारसे चुकत नाही, तुम्ही ज्या दोन आवाजांची तुलना करता आहात, ते मुळातच वेगवेगळ्या जागांवरून ऐकलेले आवाज आहेत. इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजेच आयआर, ही केवळ स्पीकरची नोंद नसते. स्पीकर, लाकडी पेटी, समोरचा माइक, त्या माइकची नेमकी जागा, प्रीअ‍ॅम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे यंत्र) आणि थोडीफार खोली या सर्वांतून गेल्यावर आवाजाला जे रूप येते, ते त्या छोट्याशा फाइलमध्ये उतरलेले असते. फाइलच्या नावात ठळक अक्षरांत स्पीकरचे नाव असले, तरी माझ्या अनुभवात माइकची जागा दोन बोटे सरकवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा पुष्कळदा स्पीकर बदलूनही पडत नाही.

एक प्रयोग करून पाहा. कॅबिनेट अगदी हळू आवाजात चालू ठेवून कोणाला तरी वाजवायला सांगा आणि एरवी जिथे उभे राहता तिथून ऐका. मग त्याच अंतरावर गुडघे टेकून कान स्पीकरच्या मध्याच्या उंचीवर आणा. आवाज एकदम टोकदार होईल. बारा इंची, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या स्पीकरपुढे ५ किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जेमतेम ७ सेंटिमीटर असते, त्यामुळे वरचे स्वर चौफेर पसरण्याऐवजी विजेरीच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. इतकी वर्षे तो झोत तुमच्या गुडघ्यांवर पडत होता आणि कानांवर येत होता तो बाजूने निसटलेला, भिंतींवरून परतलेला, मऊ झालेला आवाज. बहुतेक आयआर मात्र कॅबिनेटच्या कापडाला जवळजवळ टेकवलेल्या माइकने, त्या झोताच्या आत बसून घेतलेले असतात.

तेव्हा सर्वांत आधी हे ठरवावे की, तुम्हाला खोलीत ऐकलेला आवाज हवा आहे की त्याच कॅबिनेटचे चांगले ध्वनिमुद्रण झाले तर जो येईल तो. पहिला हवा असेल, तर डस्ट कॅपपासून (स्पीकरच्या मधल्या गोल टोपीपासून) दूर, कोनच्या, म्हणजे कागदी पडद्याच्या, कडेकडे माइक ठेवून घेतलेले किंवा रिबन माइकने घेतलेले आयआर आधी लावावेत आणि त्यांत अगदी कमी लांबीचा रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) मिसळावा. दुसरा हवा असेल, तर शूअर एसएम५७ सारख्या माइकचे आयआर योग्य ठरतात. मात्र या माइकला ६ किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःचा उठाव आहे आणि तुम्हाला जाणवलेला कर्कशपणा स्पीकरचा नसून पुष्कळदा याच उठावाचा असतो, हे ध्यानात असू द्यावे.

तुमच्याकडे मूळ कॅबिनेट आहे, ही फार मोठी जमेची बाजू आहे, कारण आठवणीतल्या आवाजाशी तुलना करण्याची वेळ तुमच्यावर येत नाही. एखाद्या दुपारी मोकळीक मिळाली, तर त्याचाच आयआर घ्या. माइकच्या तीन-चार जागा कापडावर चिकटपट्टीने खुणा करून ठरवाव्यात, प्रत्येक जागी २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर पॉवर अ‍ॅम्पमार्फत कॅबिनेटमध्ये सोडून ध्वनिमुद्रित करावा आणि डीकन्व्होल्यूशन करणाऱ्या (ध्वनिमुद्रणातून सोडलेल्या स्वराचा भाग गणिताने वेगळा काढणाऱ्या) सॉफ्टवेअरने त्याचा आयआर काढावा. ही पद्धत अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडली. तिचा गुण असा की, स्पीकरने स्वतःहून घातलेले विकृत स्वर मूळ प्रतिसादापासून वेगळे पडतात. ग्रीनबॅक २५ वॅटचा स्पीकर आहे, त्यामुळे हा चढता स्वर बेताच्या पातळीवरच ठेवावा.

इथे पॉवर अ‍ॅम्पची निवड महत्त्वाची आहे. स्पीकरचा विद्युत अवरोध (इम्पीडन्स) सर्व वारंवारतांना सारखा नसतो. खालच्या अनुनादापाशी, म्हणजे स्पीकर स्वतःहून सर्वाधिक कंप पावतो त्या वारंवारतेपाशी, तो कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या टोकालाही चढत जातो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प या चढउतारानुसार आपला आवाज बदलतो, तर साधारण ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प जवळजवळ सपाट राहतो. तुमच्या मॉडेलरमध्ये पॉवर अ‍ॅम्पचे अनुकरण चालू असेल, तर हा चढउतार तिथे आधीच आलेला असतो, म्हणून आयआर ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पने घ्यावा. नाहीतर एकच उठाव दोनदा लागून खालचा आवाज घुमतो आणि वरचा टोचतो.

दोन माइकचे आयआर मिसळायचे झाल्यास त्यांची वेळ जुळवून घ्यावी. माइकांच्या अंतरात ३.४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक दशांश मिलिसेकंदाचा उशीर, आणि तेवढ्यानेही ५ किलोहर्ट्झवर खोल खड्डा पडतो.

ऐकताना सर्व आयआरची पातळी समान करणे अत्यावश्यक आहे. एका डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो आणि निर्णय तिथेच फसतो. गिटारचा एकच कोरा (कोणताही परिणाम न लावलेला) तुकडा ध्वनिमुद्रित करून तोच पुन्हा पुन्हा चालवावा आणि एका वेळी चारांपेक्षा जास्त आयआर ऐकू नयेत. साठ ऐकून झाल्यावर कान कोणताही निवाडा देण्याच्या स्थितीत राहत नाही.

एवढे करूनही थोडा फरक राहील आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. जोरात वाजवताना ग्रीनबॅकचा कागदी कोन स्वतः दबतो आणि किंचित फाटल्यासारखा बोलतो. आयआर मात्र हळू आणि जोरात एकसारखाच वागतो. काही मॉडेलरमध्ये स्पीकरच्या दबण्यासाठी वेगळे बटण असते, ते थोडेसे फिरवून पाहावे. शिवाय कमी पातळीवर आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. मोठ्या आवाजात आवडलेला टोन हेडफोनवर हळू ऐकताना बारीक वाटला, तर तो दोष आयआरच्या माथी मारू नये.

प्रश्न : आवडत्या ध्वनिमुद्रणातील गिटारशी माझा आवाज ‘मॅच ईक्यू’ने जुळवता येईल का?

उत्तर : काही अंशी येईल. हे साधन दोन आवाजांच्या सरासरी वर्णपटातील (कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे, त्यातील) फरक काढते आणि तो भरून काढते. तो फरक स्पीकरमुळे आहे, पिकअपमुळे (गिटारच्या तारांचा कंप टिपणाऱ्या भागामुळे) आहे की वाजवलेल्या सुरांमुळे, हे त्याला कळत नाही. म्हणून ज्या तुकड्यात गिटार एकटीच आहे तोच घ्यावा, नेमका तोच तुकडा तशाच गिटारवर स्वतः वाजवावा आणि जुळणी साधारण १०० हर्ट्झ ते ६ किलोहर्ट्झपुरती, गुळगुळीत वक्राने करावी. आधी जवळचा आयआर निवडून मगच हे साधन वापरावे.

प्रश्न : माझ्या मॉडेलरवरील प्रत्येक आयआर गिटार अ‍ॅम्पला जोडल्यावर कोंदट ऐकू येतो. बिघाड असेल का?

उत्तर : बहुधा नाही. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर स्वतःच झपाट्याने उतरतो. त्याच्या आधी आयआर लावला की हा उतार दोनदा लागतो. गिटार अ‍ॅम्पला जोडताना आयआर बंद ठेवावा. तो सपाट प्रतिसादाच्या मॉनिटरवर किंवा हेडफोनवर ऐकण्यासाठी असतो. तिथेही आवाज कोंदट वाटला, तर फाइलचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो आकडा) तपासावा. ४८ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न होता ४४.१ वर वाचली गेली, तर ३००० हर्ट्झवरचा उठाव सुमारे २७५० हर्ट्झवर घसरतो आणि सगळे कॅबिनेटच मोठे, जड झाल्यासारखे वाटते.