डुब्रोव्हनिकचा तट दुसऱ्या दिवशी चढा

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला चार रात्री आहेत, सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. तर जुन्या गावाभोवतीच्या तटबंदीवर चढावं की ती खालूनच बघावी, आणि एवढ्याशा गावात चार दिवस कंटाळा तर येणार नाही ना?

मी २०२४ च्या सप्टेंबरात आईला घेऊन चार रात्री राहून आले. कंटाळा अजिबात येणार नाही. तटावर सासूबाईंनाही न्या, फक्त पहिल्या दिवशी चढू नका. बहुतेक लोक बसमधून उतरतात ते थेट तिकिटाच्या रांगेत उभे राहतात. वरून त्यांना दिसतात नुसती लाल कौलं आणि निळा समुद्र. फोटो छान येतात, पण खालचं काहीच ओळखीचं नसतं. एक दिवस गल्ल्यांतून हिंडलात की वरून प्रत्येक घुमट, प्रत्येक चौक ओळखता येतो. आईला वरून भाजीबाजाराचा चौक ओळखता आला आणि तिचा चेहरा असा खुलला की माझा थकवाच गेला.

म्हणून पहिला दिवस खालीच काढा. पिले दरवाजातून आत शिरलं की समोर ओनोफ्रियोचं मोठं कारंजं. १४३८ मध्ये सुमारे १२ किलोमीटरवरून नळानं गोडं पाणी गावात आणलं, त्याचं हे टोक. अजून पाणी येतं, पिण्याजोगं आहे, बाटल्या तिथेच भरा. उजव्या हाताला कारंजं ठेवून सरळ गेलं की स्त्रादुन, गावचा मुख्य रस्ता. जेमतेम ३०० मीटर. चुनखडीच्या लाद्या पावलांनी इतक्या गुळगुळीत झाल्यात की पाऊस पडून गेल्यावर दिवे त्यात आरशासारखे दिसतात. ओल्या लादीवर पाय सटकतो, सासूबाईंना रबरी तळव्याचे बूट घालायला सांगा.

स्त्रादुनवरच्या दुकानांचे दरवाजे जरूर बघा. दार आणि खिडकी एकाच कमानीत, इंग्रजी पी अक्षरासारखी. खिडकीचा खालचा दगडी कठडा हाच गल्ला. गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावर उभं, दुकानदार आत, माल कठड्यावरून हातात. सगळी दुकानं एकाच साच्याची, कारण ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात गाव जमीनदोस्त झालं, हजारो माणसं गेली, आणि हा रस्ता नव्यानं एकसारखा बांधून काढला.

भूकंपाआधीचं गाव बघायचं असेल तर संत व्लाहोच्या चर्चमध्ये जा. वेदीवर त्याची चांदीची मूर्ती आहे आणि तिच्या हातात अख्खं जुनं शहर, तटबंदीसकट. आईनं मूर्तीकडे बघितलं, सवयीनं हात जोडले आणि म्हणाली, "हा इथला राखणदार." इतक्या पुस्तकांतून मला जे कळलं नव्हतं ते तिला एका शब्दात कळलं. मग बघाल तिथे तो दिसायला लागतो, दरवाज्यावर, बुरुजावर, तटाच्या कोनाड्यात, हातात गाव घेऊन उभा. आम्ही फोंड्याच्या, म्हणून आणखी एक सांगते. आमच्या गोव्यात कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला साव ब्राझचं, म्हणजे याच संताचं चर्च आहे. १६ व्या शतकात डुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांची तिथे वस्ती होती, त्यांनीच ते उभारलं असं सांगतात. लहानपणापासून त्या बाजूनं गेले असेन, पण ते चर्च बघायचं मनात आलं ते डुब्रोव्हनिकहून आल्यावर.

हे गाव शतकानुशतकं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला तुर्कांचं साम्राज्य. सुलतानाला दरसाल १२,५०० सोन्याची नाणी खंडणी द्यायची आणि त्याच्या मुलखात बिनधास्त व्यापार करायचा, असा त्यांचा हिशेब. प्रमुख निवडायचे तो एका महिन्यापुरता, आणि त्या महिन्यात त्यानं सरकारी कामाशिवाय आपल्या वाड्याबाहेर (रेक्टर्स पॅलेस) पडायचं नाही. त्या वाड्यात एका दारावर लॅटिनमध्ये कोरलंय : खासगी विसरा, सार्वजनिक सांभाळा. वाडा बघायला तासभर लागतो, बाकांवर बसत बसत बघता येतो.

प्लोचे दरवाज्याबाहेर लाझारेती आहेत, लांबट दगडी कोठारं. बाहेरून आलेल्या माणसांना नि मालाला आधी इथे थांबवायचे. साथीच्या भीतीनं बाहेरगावच्यांना महिनाभर वेगळं ठेवायचा कायदा या गावानं १३७७ मध्येच केला होता. कोविडच्या दिवसांत आपण दाराबाहेर ठेवलेली ताटं आठवली आणि मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

आता तट. लांबी १,९४० मीटर, काही ठिकाणी उंची २५ मीटर, चालायचं एकाच दिशेनं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उघडल्या उघडल्या जा. दहानंतर क्रूझची माणसं येतात, आणि वर सावली जवळजवळ नाही. सासूबाईंसाठी असं करा : पिलेच्या बाजूनं चढा. पहिला जिना उभा आहे, दम खात चढवा. त्यानंतर समुद्राकडची बाजू लागते, ती त्यांना जमेल. बंदराजवळ सेंट जॉनच्या बुरुजापाशी त्यांना खाली उतरवा आणि जुन्या बंदरात बाकावर बसवा. मिन्चेता बुरुजाचा खरा दमवणारा चढ त्यापुढे आहे, तो तुम्ही एकट्यानं करा. मात्र एकदा उतरलं की त्याच तिकिटावर परत चढता येत नाही, हे आधी ठरवून घ्या. आम्ही हेच केलं. मी वळसा घालून परतले तेव्हा आई एका मांजराला मांडीवर घेऊन बोटी बघत बसली होती.

वरून चालताना कौलांचे रंग बघा. काही फिकट, भुरकी, शेवाळलेली, एकासारखी दुसरी नाही. ती जुनी. बाकी सगळी एकसारखी, भडक नारिंगी. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटताना या शहराला वेढा पडला, डोंगरावरून तोफगोळे पडले. ६ डिसेंबर १९९१ चा दिवस सगळ्यात वाईट. नारिंगी कौलं त्यानंतरची आहेत. हे माहीत नसलं तर ते सुंदर लाल छप्पर वाटतं. माहीत झाल्यावर मी फोटो काढायचे थांबले आणि नुसती बघत राहिले, किती थोडी जुनी उरलीत ते. त्याच तटाआड आजही लोक राहतात, खिडकीबाहेर दोरीवर चादरी वाळत होत्या. खाली उतरल्यावर स्पोन्झा वाड्यातली छोटी खोली चुकवू नका. शहर वाचवताना गेलेल्यांचे फोटो भिंतीभर लावलेत. कितीतरी चेहरे अगदी कोवळे. आई एकेका फोटोखालचं जन्मसाल वाचत होती आणि वय मोजत होती.

पैशांचं म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा तटाचं तिकीट ३५ युरो आणि तट, वाडा, संग्रहालयं नि शहर बस धरून मिळणारा एक दिवसाचा पासही ३५ युरोच होता. तेव्हा पासच घ्या. त्यात लोव्रियेनाच किल्लाही येतो. बाहेरच्या बाजूनं त्याची भिंत १२ मीटर जाड आणि गावाकडच्या बाजूनं फक्त ६० सेंटिमीटर. किल्लेदार फितूर झालाच तर गावानं त्याला तोफेनं उडवता यावं, म्हणून.

राहायला तटाच्या आत घर घेऊ नका, सासूबाई सोबत असताना तर नाहीच. आमच्या यजमानांनी "दरवाज्यापासून पाच मिनिटं" लिहिलं होतं, पायऱ्यांचं अवाक्षर नव्हतं. उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे निव्वळ जिने. दोन बॅगा आणि आई, असे तीन खेपांत वर गेलो. लापाडला राहा. तिथून ६ नंबरची बस थेट पिलेला सोडते.

तिसरा दिवस लोक्रुम बेटाला द्या. बोटीनं पंधरा मिनिटं, आत झाडांची गार सावली आणि मोर. रात्री बेटावर कुणालाही राहू देत नाहीत, शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारा. संध्याकाळी केबल कारनं सर्ज डोंगरावर जा, चढायची गरजच नाही. चौथा दिवस मोकळा ठेवा, सकाळी बाजारात सुकी अंजिरं नि साखरेत मुरवलेली संत्र्याची सालं घ्या. मासे खात असाल तर लसूण-वाइनमधले शिणाणे, म्हणजे काळे शिंपले, मागवा. आईला आवडले, फक्त "यात नारळ असता तर" म्हणालीच. शाकाहाऱ्यांना ब्लित्वा, म्हणजे बटाटा घालून केलेली पालेभाजी, जवळपास सगळीकडे मिळते.

आणि व्हिसाचं आत्ताच बघा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांत आहे, पण एका दिवसात जाऊन येण्याजोगी मॉन्टेनेग्रोतलं कोतोर आणि बोस्नियातलं मोस्तार शेंगेनबाहेर आहेत. तिकडे जायचा विचार असेल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागा, नाहीतर संध्याकाळी परत क्रोएशियात शिरता येणार नाही.