खरखर चालेल, निर्जीव आवाज नको

वाचकांचे प्रश्न : सीडीवरचे जॅझ आणि बिग बँड

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : अमेरिकन जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनची १९४० सालची तीच रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे दोन वेगवेगळ्या सीडींवर आहेत. एकीवर सतत खरखर आहे, दुसरी अगदी स्वच्छ. तरीही स्वच्छ सीडी थोड्या वेळातच नकोशी होते. यातली चांगली कोणती, हे ठरवायचे कसे?

उत्तर : तुमचा कान बरोबर सांगतो आहे. सुरुवातीला खरखरीकडे दुर्लक्षच करा. अमेरिकन स्टुडिओंत चुंबकीय टेप रुळली ती १९४८ च्या पुढे. त्याआधी सगळे तबकडीवर नोंदले जाई आणि खरखर ही त्या तबकडीचीच असते. अडचण अशी, की ट्रम्पेटची धार, झांजेची किणकिण आणि खरखर हे तिन्ही वरच्या पट्टीत एकत्र राहतात. फिल्टर लावून एक काढायला गेले की बाकीचे दोनही जातात. त्या काळच्या तबकड्यांवर साधारण ७-८ किलोहर्ट्झच्या वर संगीत फारसे नसते, त्यामुळे तेवढे कापले तर काही बिघडत नाही. कात्री ४-५ किलोहर्ट्झवर आली की मात्र सगळे ब्रास गोधडीखालून वाजल्यासारखे होते.

आता दोन्ही सीडींवर एकच गाणे लावा आणि आधी शेवटचे पाच सेकंद ऐका. शेवटचा स्वर विरत असताना खरखर एका पातळीवर राहिली पाहिजे. स्वराबरोबर ती वरखाली होत असेल, किंवा झांज विरण्याआधीच एकदम शांतता होत असेल, तर नॉइज रिडक्शन (खरखर काढण्याची प्रक्रिया) जास्त झाले आहे. त्यानंतर प्लंजर लावलेला ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन शोधा. मोरी तुंबल्यावर वापरतात त्या रबरी वाटीने वाद्याचे तोंड झाकत-उघडत वाजवायची ही पद्धत. एलिंग्टनच्या बँडमध्ये कूटी विल्यम्स आणि ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन यांचा त्यात हातखंडा होता. चांगल्या सीडीवर वाटी उघडतानाचा ‘वा’ आणि मिटतानाचा ‘ऊ’ वेगळे ऐकू येतात, घशातली गुरगुरही कळते. फिल्टर केलेल्या सीडीवर नुसते ‘ऊ-ऊ’ उरते. ही एकच जागा तपासली तरी बहुतेक निकाल लागतो.

नंतर बास. १९३९ ते १९४१ या काळात एलिंग्टनकडे जिमी ब्लँटन होता. त्याचा प्रत्येक स्वर गुणगुणता आला पाहिजे आणि तारेवर बोट पडल्याचा ठोका कळला पाहिजे. नुसती घुमघुम ऐकू येत असेल, तर तबकडीवरून सीडीवर उतरवताना बास वरून वाढवलेला आहे. १९२५ च्या आधीच्या, म्हणजे कर्ण्यात वाजवून नोंदलेल्या रेकॉर्डिंग्जकडून मात्र ही अपेक्षा धरू नका. तिथे डबल बास नीट उतरतच नसे.

शेवटी घुमारा बघा. काही सीडींवर जुन्या मोनो रेकॉर्डिंगला नकली घुमारा आणि नकली स्टीरिओ चढवलेला असतो. १९८० च्या दशकात रॉबर्ट पार्कर यांनी अशा पद्धतीने बरेच जुने जॅझ काढले. पहिल्यांदा ऐकताना भारी वाटते, पण त्यातला हॉल त्या बँडचा नाही, म्हणून आम्ही ती सीडी दुसऱ्या पसंतीची धरतो. उलट, मुखपृष्ठामागे ध्वनी उतरवणारा म्हणून जॉन आर. टी. डेव्हिस यांचे नाव दिसले तर डोळे झाकून घ्या. बेनी गुडमनच्या १६ जानेवारी १९३८ च्या कार्नेगी हॉल मैफलीची १९९९ ची सीडीही ऐका. तिच्यात खरखर जवळजवळ तशीच ठेवली आहे. पाच मिनिटांत कान ती बाजूला सारतो आणि जीन क्रूपाचे ड्रम्स समोर येतात. तुमची खरखरीची सीडी ठेवा.

प्रश्न (खानापूर) : सीडीच्या मागे एएडी, एडीडी, डीडीडी असे लिहिलेले असते. डीडीडी सर्वांत चांगली ना?

उत्तर : नाही. पहिले अक्षर रेकॉर्डिंगचे, दुसरे मिक्सिंगचे (वाद्यांचे आवाज एकमेकांशी जुळवण्याचे), तिसरे मास्टरिंगचे (सीडीसाठी अंतिम आवाज तयार करण्याचे). ए म्हणजे अॅनालॉग, डी म्हणजे डिजिटल. बँडप्रमुख काउंट बेसीच्या १९५७ च्या रेकॉर्डिंगच्या सीडीवर पहिले अक्षर ए असणारच. त्यावरून दर्जा कळत नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या माझ्या जुन्या आणि नव्या सीडीतले पहिले गाणे पेटीवर वाजवून पाहिले. नवीन सीडी पेटीशी जुळते, जुनी वर चढते. प्लेअर बिघडला आहे का?

उत्तर : प्लेअर ठीक आहे. सीडी प्लेअरचा वेग क्वार्ट्झ स्फटिकावर बांधलेला असतो. एका सीडीला चढा आणि दुसरीला बरोबर असे तो करत नाही. चूक रेकॉर्डिंगच्या दिवशीची आहे. २ मार्च १९५९ च्या बैठकीत मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होते. हळू नोंदलेली टेप नेहमीच्या वेगाने लावली की स्वर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, कोमल आणि शुद्ध स्वरांत जेवढे अंतर असते त्याच्या जवळपास निम्म्याने वर वाजत राहिली. १९९० च्या दशकात दुसऱ्या मशीनवरची जादा टेप वापरून हे दुरुस्त झाले. दुसऱ्या बाजूची दोन गाणी २२ एप्रिलची, ती पहिल्यापासून ठीक होती.

तुम्ही केलेली तपासणी सर्वांनी करण्यासारखी आहे, आणि पं. रामभाऊ विजापुरे यांच्या गावात पेटीवर तयार झालेले कान कमी नाहीत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या उतरवताना वेग चुकणे नित्याचे. बँडमधल्या पियानोचा स्वर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी पडत असेल तर आधी वेगावर संशय घ्या. मात्र पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वराला लावलेली आहे ना, हे मोबाइलवरच्या ट्यूनरने आधी बघा. आपल्याकडच्या जुन्या पेट्या बऱ्याचदा उतरलेल्या किंवा चढलेल्या असतात.

प्रश्न (निपाणी) : बेसीच्या जुन्या सीडीपेक्षा नवीन रीमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगवर नव्याने काम करून काढलेली सीडी) जोरकस वाटते. मग तीच चांगली म्हणायची का?

उत्तर : आवाज जुळवल्याशिवाय काहीच म्हणू नका. एखाद्या डेसिबलने मोठी असलेली सीडी सगळ्यांनाच जास्त चांगली वाटते. फक्त पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स चालू आहेत असा ३० सेकंदांचा तुकडा निवडा, दोन्ही सीडींवर तो सारखा ऐकू येईल असा व्हॉल्यूम लावा, तिथे खूण करा आणि मगच पूर्ण बँड येणारी जागा ऐका. चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन आणि पाच सॅक्सोफोन एकदम आले की माणूस दचकला पाहिजे. पियानोच्या एका बोटापासून तिथपर्यंतची चढण हाच बेसीच्या बँडचा प्राण. रीमास्टरमध्ये ती जागा आधीच्या शांत तुकड्याएवढीच वाटली तर आवाज दाबून सपाट केला आहे. संगणकावर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की लगेच दिसते: निरोगी रेकॉर्डिंगचा आलेख उंचसखल असतो, दाबलेल्याची शेंडी कापल्यासारखी एका रेषेत येते. १६ बिटच्या सीडीत सुमारे ९६ डेसिबलची जागा असते, त्यामुळे दाबण्याची तांत्रिक गरजच नाही.

आमची आवडती खूण म्हणजे फ्रेडी ग्रीनची गिटार. १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो बेसीच्या बँडमध्ये होता. अॅम्प्लिफायर नाही, सोलो जवळजवळ नाही, प्रत्येक मात्रेला एक सुका ‘चक्’. ब्रासच्या दोन फटकाऱ्यांमध्ये तो ‘चक्’ सुटा ऐकू आला की सीडी पास.

प्रश्न (चिकोडी) : १९८० च्या दशकातली एक जपानी सीडी प्लेअरवर उत्तम वाजते, पण संगणकावर उतरवल्यावर आवाज पातळ आणि टोचरा होतो.

उत्तर : ही प्री-एम्फसिसची सीडी दिसते. अशा सीडीवर वरची पट्टी मुद्दाम वाढवलेली असते, अगदी टोकाला जवळपास १० डेसिबलपर्यंत. प्लेअर सीडीवरची खूण वाचून ती परत खाली आणतो. संगणक बऱ्याचदा खूण सोडून देतो आणि वाढवलेलाच आवाज फाइलमध्ये येतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यासमोर प्री-एम्फसिसचा रकाना असतो. तिथे ‘येस’ दिसले तर उतरवलेली फाइल सॉक्स या मोफत सॉफ्टवेअरच्या डीएम्फ इफेक्टमधून काढा. अंदाजाने ट्रेबल कमी करू नका, उतार जुळत नाही.

प्रश्न (कॅम्प, बेळगाव) : सॅक्सोफोन फक्त डाव्या स्पीकरमधून, ड्रम्स फक्त उजव्या. सीडी सदोष आहे का?

उत्तर : अॅम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या वायर अदलाबदल करा. सॅक्सोफोन उजवीकडे गेला तर रेकॉर्डिंगच तसे आहे. १९५० च्या दशकाअखेरच्या स्टीरिओत वाद्ये अशी दोन टोकांना ठेवत. मोनोचे बटण दाबून ऐका, बऱ्याचदा जास्त बरे लागते. मोनोवर आवाज पोकळ झाला तर मात्र तो नकली स्टीरिओ समजा.

एक अपवाद सांगायला हवा. अमेरिकेतल्या १९५६ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातली एलिंग्टनची मैफल १९९९ मध्ये स्टीरिओत आली, ती दोन वेगळ्या मोनो टेप जुळवून: एक रेकॉर्ड कंपनीची, दुसरी व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीची. पॉल गोन्साल्विस यांनी २७ आवर्तनांचा तो प्रसिद्ध सोलो नेमका व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या माइकसमोर वाजवला होता, म्हणून जुन्या एलपीत तो दूर ऐकू येई. (आडनाव ओळखीचे वाटले तरी ते गोव्याचे नव्हेत, त्यांचे घराणे केप व्हर्दे बेटांवरचे.) घ्यायची तर १९९९ चीच घ्या. जुन्या एलपीतला बराचसा भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चढवलेला होता.

प्रश्न (जांबोटी) : पावसाळ्यात सीडींवर पांढरट डाग येतात. कसे पुसावेत?

उत्तर : डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि मऊ मायक्रोफायबरने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. आडवा ओरखडा प्लेअर सावरून घेतो. ट्रॅकच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, साधारण अडीच मिलिमीटरपेक्षा लांब गेलेला त्याला पुरता सावरता येत नाही. छापील बाजूला जास्त जपा, तिथे धातूवर फक्त पातळ लॅकर असते. १९८८ ते १९९३ च्या सुमाराची, ‘मेड इन यू. के. बाय पीडीओ’ असे लिहिलेली सीडी कडेपासून तांबूस होत असेल तर ती बुरशी नव्हे, धातूच खराब होतो आहे. पुसून काही होणार नाही. वाजते आहे तोवर संगणकावर उतरवून घ्या.