आंतरराष्ट्रीय न्याय-पोलीस मिशन, म्हणजे दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या न्यायालयांना आणि पोलिसांना हातभार लावणारं पथक, गुंडाळायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

निघायच्या तारखेपासून नको, चालू खटल्यांच्या यादीपासून करा. बाल्कनमधल्या कोसोवोतलं युरोपीय संघाचं असंच मिशन 'यूलेक्स' बघा. त्यांचे न्यायाधीश आणि सरकारी वकील स्वतः खटले चालवत. तो अधिकार जून 2018 मध्ये संपला. पण अपवाद वगळता नवीन प्रकरणं घेणं 2014 मध्येच थांबवलं होतं. हातातले खटले संपवायला आणि स्थानिकांकडे सोपवायला ही मधली चार वर्षं फार मोलाची.

खरा घोळ फायलींत होतो. जबाबाचं भाषांतर अर्धवट, मुद्देमाल कुणाकडून कुणाकडे गेला याची नोंद तुटलेली, की बचावाचा वकील पुराव्यावरच हरकत घेतो. म्हणून प्रत्येक फायलीला पानवार अनुक्रमणिका, मुद्देमालाची यादी आणि मुदत संपण्याची तारीख लावा. खटला पुढे चालवणाऱ्या स्थानिक सरकारी वकिलासोबत बसून ती वाचा, मगच त्याची सही घ्या. सुनावणी निम्म्यावर आलेले खटले आधी संपवा, नाहीतर न्यायाधीश बदलल्यावर साक्षी पुन्हा नोंदवाव्या लागू शकतात.

साक्षीदार संरक्षण मात्र घाईने सोडू नका. कोसोवोची लोकसंख्या 20 लाखांच्या आत. तिथे साक्षीदाराला गाव बदलून लपता येत नाही, दुसऱ्या देशातच हलवावं लागतं. यूलेक्सने 2018 नंतरही हे काम मर्यादित स्वरूपात आणि खटल्यांवरची देखरेख चालू ठेवली, ते योग्यच होतं.