तिसरी-चौथीच्या मुलांना बचत शिकवताना

सुरुवातीलाच व्याजाचं गणित काढू नका. आधी पारदर्शक बरणी द्या. मातीच्या गल्ल्यात पैसे वाढताना दिसत नाहीत आणि उत्साह मावळतो. ध्येय जवळचं हवं: 60 रुपयांची कंपासपेटी, आठवड्याला 10 रुपये, म्हणजे सहा आठवडे. वर्षभराचं ध्येय या वयात टिकत नाही.

तारीख, जमा, खर्च, शिल्लक हे रकाने मुलांनीच भरावेत. दर शनिवारी नाणी मोजून शिल्लक जुळवायची. जुळली नाही तर रागावू नका, चुकलेली नोंद त्यांनाच शोधू द्या. खरं शिकणं तिथेच होतं.

मग व्याज: 100 रुपये महिनाभर राहिले तर तुम्ही 2 घाला. बँक इतकं देत नाही, हेही स्पष्ट सांगा. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर पोस्टात 500 रुपये भरून मुलाच्या नावाने बचत खातं निघतं, ते मूल स्वतः चालवू शकतं. पासबुक त्याच्याच हातात द्या.